चंद्राच्या घराची डागडुजी

प्राचीन इराकमधल्या उर शहराच्या झिगुरातचा जवळून काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहा. पक्क्या विटांच्या, किंचित आत कललेल्या त्या भिंतीत अरुंद, उभट भोकं दिसतील. ओळीने आणि ठरावीक अंतरावर ठेवलेली. साधारण अडीच मीटर जाडीच्या पक्क्या बांधकामातून ती आरपार जातात आणि आतल्या कच्च्या विटांच्या गाभ्याला भिडतात. हे शहर खणून काढणारे लिओनार्ड वुली यांचा तर्क असा होता की वरच्या गच्च्यांवर झाडं लावलेली असणार आणि त्यांना घातलेलं पाणी निघून जावं म्हणून ही सोय केली असणार. झाडांनी डवरलेला मातीचा डोंगर ही कल्पना देखणी आहे, पण आज बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. त्याहून साधं कारण पुरतं. मातीचा एवढा मोठा गाभा ओलावा धरतो. तो ओलावा बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर माती फुगते आणि बाहेरच्या पक्क्या कवचाला फोडते. चार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने भोकं ठेवली.

झिगुरात म्हणजे प्राचीन इराकमधली पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी देवळं. त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण वरून सुरुवात करतात: आकाश, तारे, शिखरावरचा पुजारी. मला मात्र या इमारतींची गोडी लागली ती या भोकांमुळे. देवाचं घर बांधताना ते कुठून कसं पडेल याचा विचार पहिल्या विटेपासून केलेला दिसतो, आणि तो विचार करणारी माणसं मला जवळची वाटतात.

उरचा झिगुरात बांधायला घेतला तो राजा उर-नम्मू याने, इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारास. काम पुरं केलं त्याच्या मुलाने, शुल्गीने. पाया सुमारे ६४ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद. आत उन्हात वाळवलेल्या विटा आणि बाहेर भट्टीत भाजलेल्या, चुन्याऐवजी डांबरात बसवलेल्या. डांबर त्या देशात जमिनीतूनच पाझरतं. युफ्रेटिसच्या काठी हीत या गावचे झरे त्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध. समोरून प्रत्येकी शंभर पायऱ्यांचे तीन जिने वर येऊन एका दरवाजापाशी मिळतात. त्याच्या वर आणखी टप्पे आणि सगळ्यात वर नन्नाचं, म्हणजे चंद्रदेवाचं छोटं देऊळ. ते आता नाही. पहिला टप्पा बराचसा उभा आहे, दुसऱ्याचा थोडा अवशेष आहे, बाकी सगळं वारा-पावसाने नेलं.

त्या देशात दगड नाही. दोन नद्यांनी आणून टाकलेला गाळ, बोरूची बेटं, खजूर आणि ऊन एवढंच भांडवल. गाळात चिरलेला पेंढा मिसळून तुडवायचा, लाकडी साच्यात थापायचा, साचा उचलायचा आणि वीट वाळत ठेवायची. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मी उरच्या विटा पाहिल्या आहेत. पुढ्यात आल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते त्यांचं चपटं, भारदस्त अंग. काही विटांवर राजाच्या नावाचा शिक्का असतो: उरचा राजा उर-नम्मू, नन्नाचं देऊळ बांधणारा. शिक्का ओल्या मातीत दाबलेला, त्यामुळे अक्षरांच्या कडा अजून धारदार आहेत. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात उर-नम्मूच्याच शिक्क्याची एक वीट आहे, तिच्यावर कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. विटा वाळत पडलेल्या असताना कुत्रं वरून चालत गेलं, कामगाराने वीट फेकून दिली नाही, आणि राजाचं नाव व कुत्र्याचं पाऊल दोन्ही एकत्र टिकलं.

या देवळांना उंची कशी आली याचं उत्तर उरपासून थोड्याच अंतरावर, एरिडूला मिळतं. दक्षिण इराकमधले प्राचीन सुमेरी लोक एरिडूला जगातलं पहिलं शहर मानत. १९४६ ते १९४९ या काळात फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी तिथे झिगुरातच्या पायाखाली खणत नेलं, तर देवळाखाली देऊळ, त्याच्याखाली आणखी एक देऊळ असे थर निघत गेले. तळाशी जवळजवळ तीनच मीटर लांबी-रुंदीची एक खोली होती, आत नैवेद्य ठेवायला एक ओटा. इसवी सनापूर्वी पाच हजार वर्षांहून जुनी गोष्ट. वरच्या काही थरांत माशांचे काटे सापडले, ढिगाने. एरिडूचा देव एन्की, गोड्या पाण्याचा स्वामी. दलदलीच्या काठची माणसं त्याच्यापुढे मासे ठेवत असणार.

जुनं देऊळ मोडकळीला आलं की ते उखडून फेकायचं नाही. त्या पवित्र जागेवरची माती बाहेर टाकणं बरं नव्हे. भिंती थोड्या उतरवायच्या, आतली पोकळी विटांनी भरून घ्यायची, आणि त्या भरीवर नवं, थोडं मोठं देऊळ उभं करायचं. हे हजारो वर्षं चाललं. खालचं जोतं दर वेळी उंच आणि रुंद होत गेलं, आणि मग एके काळी राजांनी मुद्दामच अशी जोत्यावर जोती रचायला सुरुवात केली. आकाशाला हात लावायच्या हव्यासातून ही इमारत जन्मली असं आपल्याला सांगितलं जातं. बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याच्या गोष्टीने तो समज घट्ट केला. एरिडूचा पुरावा पाहिला की मला वेगळंच दिसतं. आधीच्या देवळाला टाकून न देण्यातून ही उंची आली.

वर कोण जात असे? गावकरी तर नाहीच. झिगुरात ही लोकांनी जमायची जागा नव्हती, आत सभामंडप नव्हता, गाभा सगळा भरीव. बाबिलोनच्या एतेमेनान्की या सात टप्प्यांच्या झिगुरातविषयी ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की सगळ्यात वरच्या देवळात एक मोठा सजवलेला पलंग आणि सोन्याचं मेज होतं, मूर्ती मात्र नव्हती. रात्री तिथे देवाने निवडलेली एकच स्त्री राहायची. हेरोडोटसच्या सगळ्याच गोष्टींवर विश्वास ठेवता येत नाही, पण वरची जागा देवाने उतरण्यासाठी राखलेली होती हे त्यातून कळतं. माणसांचा धर्म चालायचा तो खाली, झिगुरातच्या पायथ्याशी पसरलेल्या अंगणांत, कोठारांत, विणकरांच्या शेडमध्ये, आणि स्वयंपाकघरात.

ते स्वयंपाकघर वुलींना सापडलं. झिगुरातच्या जवळच गिपारू नावाची मोठी वास्तू होती. तिच्यात नन्नाच्या पत्नीचं, निंगलचं देऊळ होतं आणि नन्नाच्या मुख्य पुजारिणीचं निवासस्थान. तिथल्या स्वयंपाकघरात अंगणात विहीर, शेजारी डांबराने लिंपलेलं पाण्याचं टाकं, पाणी उकळायच्या चुली, भाकरीसाठी गोल भट्टी. आणि विटांचा एक ओटा, तोही डांबराने लिंपलेला. त्याच्यावर सुरीचे वार होते. मांस कापताना पडलेले, एकावर एक, आडवेतिडवे. अडतीस शतकांपूर्वी कुणीतरी देवाच्या जेवणाची तयारी करत होतं आणि सुरी जरा खोल जात होती. भट्ट्या इतक्या शाबूत होत्या की वुलींच्या लोकांनी त्यात पुन्हा जाळ केला. त्या ओट्याचं वर्णन मी इतक्यांदा वाचलं आहे की उर म्हटलं की मला झिगुरातच्या आधी तो ओटा आठवतो.

देवाला जेवू घालणं हा त्या धर्माचा कणा होता. पुढच्या काळातल्या उरुक शहरातल्या एका मातीच्या पाटीवर देवांच्या रोजच्या जेवणाचं तपशीलवार वेळापत्रक आहे: सकाळी मोठं आणि लहान, संध्याकाळी मोठं आणि लहान, असे चार वेळा नैवेद्य. किती भाकऱ्या, किती बिअर, किती मेंढ्या, कोणत्या देवापुढे काय, सगळं नोंदलेलं. मूर्तीपुढून उठवलेलं ताट राजाकडे आणि देवळाच्या सेवेकऱ्यांकडे जाई. देवाच्या ताटातला वाटा हा तिथे वंशपरंपरेचा हक्क होता. भाकरी भाजणाऱ्याचा, बिअर गाळणाऱ्याचा, दरवाज्यावर बसणाऱ्याचा, प्रत्येकाचा वर्षातल्या ठरलेल्या दिवसांवर हक्क. तो विकता येई, वाटून घेता येई, आणि त्याची खरेदीखतं आजही हाती लागतात. आपल्याकडे देवस्थानात बडव्यांच्या आणि पुजाऱ्यांच्या पाळ्यांवरून शतकानुशतकं कज्जे चालले हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या पाट्या वाचताना परकं वाटणार नाही.

पण त्या कोठारांच्या हिशेबात दुसरीही माणसं आहेत आणि त्यांना वगळून देवळाचं कौतुक करणं मला जमत नाही. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या, म्हणजे उर-नम्मूच्या घराण्याच्या काळातल्या पाट्यांवर विणकर बायकांच्या याद्या सापडतात. लोकर विंचरायची, कातायची, विणायची. मजुरी म्हणजे शिधा. पुरुषाला महिन्याला साधारण ६० सिला जव, बाईला त्याच्या जवळपास निम्मा. एक सिला म्हणजे सुमारे एक लिटर. त्यांच्यातल्या कितीतरी युद्धात पकडून आणलेल्या, काहींच्या पदरात मुलं, त्या मुलांचा वेगळा छोटासा शिधा लिहिलेला. देवाची वस्त्रं या हातांनी विणली. याद्या लिहिणाऱ्याने निदान त्यांची नोंद ठेवली.

या सगळ्याच्या शिरोभागी बसलेली पुजारिणी ही राजाची मुलगी असे. ही रीत रूढ केली अक्कदच्या सार्गोनने. त्याने इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमारास आपली मुलगी एन्हेदुआना हिला उरला नन्नाची पुजारीण म्हणून पाठवलं, म्हणजे आज दिसणाऱ्या झिगुरातच्याही आधी. १९२७ मध्ये वुलींच्या उत्खननात अलाबास्टरची एक तबकडी निघाली. एका बाजूला तिचं नाव आणि दुसऱ्या बाजूला ती स्वतः कोरलेली, झालरीचा झगा घालून अर्घ्याच्या वेळी उभी. तिच्या नावावर सुमेरी स्तोत्रं आहेत. ती सगळी तिनेच रचली का यावर वाद आहे, पण मानवी इतिहासात स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी पहिली कवी म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. राजकीय उलथापालथीत तिला उरमधून हाकललं गेलं, त्याचा सल एका स्तोत्रात आहे. तो वाचताना देवळाच्या भिंती एकदम राहत्या घरासारख्या होतात. गिपारूतून बाहेर पडणं म्हणजे तिला सासर सुटणं होतं, कारण नन्नाची ती पत्नी मानली जाई.

नन्ना चंद्र असल्यामुळे उरचं वर्ष तिथींवर चाले. महिन्याचा पहिला, सातवा आणि पंधरावा दिवस हे सणाचे दिवस. लिपिक त्याचं नाव नुसत्या ३० या आकड्यानेही लिहीत, महिन्याचे दिवस तीस म्हणून. एक जुनी सुमेरी रचना आहे, तिच्यात नन्ना होडी तयार करून घेतो, तिच्यात गुरं, मेंढरं, पक्षी, मासे, अंडी भरतो आणि नदीने वर वर जात निप्पूरला, आपल्या बापाच्या, एन्लिलच्या घरी पोचतो. दारावर उभा राहून द्वारपालाला म्हणतो, दार उघड, घर उघड. काय काय आणलं आहे ते एकेक करून सांगतो. बाप खूश होऊन जेवायला घालतो. मग मुलगा मागतो: नदीला पूर दे, शेतात जव दे, दलदलीत मासे दे, बोरूच्या रानात नवे कोंब दे, मला ते उरला घेऊन जाऊ दे. एवढ्या मोठ्या देवाची मागणी पाहा. सगळी शेतकऱ्याची आणि कोळ्याची. अशी होडी खरोखर हाकली जात असे का हे बाजूला ठेवलं तरी, देव माहेरच्या माणसासारखा भरल्या हाताने जातो आणि भरल्या हाताने परततो ही कल्पना ज्या लोकांनी केली त्यांना मी मनापासून नमस्कार करते.

आता मातीकडे परत येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

मराठवाड्यातल्या आमच्या गावात गढी आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि बुरूज. गढीवर माणसं राहत होती तोवर दर उन्हाळ्याच्या शेवटी भिंतींना लिंपण होई, माळवदावर नवी पांढरी पडे, पन्हाळी साफ होत. वारस पुण्या-मुंबईला गेले आणि पाचसात पावसाळ्यांत भिंतींना ओघळींच्या रेघा पडल्या, मग रेघांच्या घळी झाल्या. माझ्या लहानपणी लोक गाढवं घेऊन यायचे आणि तीच माती आपापल्या माळवदांवर टाकायला न्यायचे. मातीची इमारत पडायला शत्रू लागत नाही. दोन-तीन वर्षं तिच्याकडे पाहिलं नाही की पुरे. हे डोळ्यांनी पाहिलं असल्यामुळे झिगुरातांच्या चार हजार वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा दिसतात ते दुरुस्त्यांचे हात.

मेसोपोटेमियाच्या राजांना डागडुजी हीच मोठी पूजा वाटत होती. उर-नम्मूच्या तांब्याच्या छोट्या मूर्ती सापडतात, देवळांच्या पायात पुरलेल्या. राजा डोक्यावर मातीची टोपली धरून उभा. त्याच्या शिलापट्टावर तो खांद्यावर बांधकामाची हत्यारं घेऊन निघाला आहे आणि मागून सेवक ओझं सावरतो आहे. लगशचा राजा गुदेआ एका लांबलचक लेखात सांगतो की देवळाच्या पहिल्या विटेआधी त्याने सारं शहर शुद्ध केलं. त्या दिवसांत कुणाला फटके मारले नाहीत, आई मुलावर ओरडली नाही. मग साच्याला मध आणि लोणी लावून त्याने स्वतः वीट पाडली, साच्यातून ती नीट सुटली, उन्हात ठेवली, आणि सूर्यदेवाला आनंद झाला. विटेचा एक कोपरा साच्याला चिकटू नये याची राजाला वाटलेली काळजी त्या ओळींत स्पष्ट आहे. दीड हजार वर्षांनी बाबिलोनचा नबोपोलस्सर एतेमेनान्कीच्या कामाविषयी लिहितो की त्याने राजवस्त्र खोचलं, डोक्यावर विटा आणि माती वाहिली, आणि थोरल्या मुलालाही, नेबुखद्नेझरला, कामगारांच्या बरोबरीने माती वाहायला लावली.

याच्या उलट मूर्तीच्या बाबतीत घडे. नवी देवमूर्ती घडली की तिचं तोंड धुण्याचा मोठा विधी होई, म्हणजे आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेसारखा. त्या विधीत मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचे हात बांधून लाकडी सुरीने ते तोडल्याचं नाटक करत आणि कारागीर शपथ घेऊन सांगत की ही मी घडवली नाही, देवांनी घडवली. मूर्ती घडवणारे हात नाकारायचे आणि वीट वाहणारे हात मिरवायचे, असं एकाच धर्मात एकाच वेळी चाले. देव माणसाने केला असं म्हणायची त्यांची तयारी नव्हती, पण देवाचं घर माणसांनी बांधलं आणि त्यांनीच सांभाळलं, याचा त्यांना अभिमान होता.

भिंत पाडून दुरुस्त करायची तर त्यालाही विधी होता. देवाच्या घराला हात लावणं म्हणजे देवाला दुखवणं. म्हणून कालू नावाचे विलाप करणारे पुजारी बोलावत. ते देवळासाठी शोक करत, गाणी म्हणत, ढोल वाजवत, आणि नवा पाया घातला जाईपर्यंत हे थांबवायचं नसे. देवळाचा गवंडी स्वच्छ कपडे घाली, हातात कथलाचं कडं घाली आणि शिशाच्या कुऱ्हाडीने जुन्या बांधकामातली पहिली वीट काढी. ती वीट बाजूला ठेवून तिच्यापुढे नैवेद्य मांडत, धान्य, बिअर, वाइन, दूध अर्पण करत. शिशाच्या मऊ कुऱ्हाडीने वीट कशी फोडणार? फोडायची नसेच. तो पहिला आघात शक्य तितका हळुवार व्हावा एवढाच हेतू असणार असं मला वाटतं. इसवी सनापूर्वी २००४ मध्ये शेजारच्या एलाम राज्याच्या सैन्याने उर लुटलं, राजा इब्बी-सिनला धरून नेलं, तेव्हाच्या विलापकाव्यात निंगल आपल्या शहरासाठी रडते आणि वेशीपाशी खापऱ्या पडाव्यात तशी माणसं पडलेली आहेत असं म्हणते. ज्यांनी असं पडणं पाहिलं होतं त्यांना आपल्या हाताने एक वीट काढतानाही रडावंसं वाटलं, हे मला पटतं.

आणि मग पायाच्या कोपऱ्यात पुरलेले लेख. दुरुस्ती करणारा राजा मातीच्या दंडगोलावर सगळं लिहून ठेवी: हे कुणी बांधलं होतं, कसं पडलं, मी काय केलं. शेवटी पुढच्या राजाला उद्देशून विनंती असे. हे घर जुनं होईल तेव्हा तू दुरुस्त कर, माझा लेख सापडला तर त्याला तेल लाव, बळी दे, आणि तुझ्या लेखासोबत तो पुन्हा जागच्या जागी ठेव. असं करणाऱ्याची प्रार्थना देव ऐकतील. नाव पुसणाऱ्यासाठी शापही असत, पण विनंतीचाच सूर जास्त खरा वाटतो. आपली इमारत कायम टिकणार नाही हे गृहीत धरून, अनोळखी माणसाशी हजार वर्षांपलीकडे बोलणं चाललेलं आहे.

उरच्या बाबतीत हे बोलणं आपल्या कानावर पडलं ते १८५४ मध्ये. बसऱ्याचा ब्रिटिश उपवाणिज्यदूत जे. जी. टेलर याने झिगुरातच्या वरच्या टप्प्याचे कोपरे खणले, त्यात त्या टप्प्याची बरीच नासधूसही झाली. चारही कोपऱ्यांत एकेक दंडगोल निघाला. लिहिणारा होता नबोनिदस, बाबिलोनचा शेवटचा स्वतंत्र राजा, सत्ताकाळ इसवी सनापूर्वी ५५६ ते ५३९. तो सांगतो की हा झिगुरात उर-नम्मूने बांधायला घेतला, पण पुरा केला नाही. त्याच्या मुलाने, शुल्गीने काम पुरं केलं. हे मी त्या दोघांच्या लेखांवरून पाहिलं. आता तो जुना झाला होता. त्याच पायावर मी डांबर आणि पक्क्या विटांनी तो पूर्वीसारखा केला. पंधराशे वर्षांमागच्या बापलेकांची नावं तो अशी घेतो जणू कालच त्यांच्याकडून काम हातात घेतलं. शेवटी तो चंद्राला प्रार्थना करतो. तुझ्याबाबतीत माझ्या हातून पाप होऊ देऊ नकोस. आणि माझा थोरला मुलगा बेल-शर-उसुर, त्याच्या मनात तुझा आदर राहू दे, त्याच्या हातून चूक होऊ देऊ नकोस. राजा म्हणून नबोनिदस फसला, राजधानी सोडून वर्षानुवर्षं अरबस्तानातल्या तैमाला जाऊन राहिला, बाबिलोनचा मुख्य देव मर्दुक याच्या पुजाऱ्यांना त्याने दुखवलं. तरी त्या मुलासाठीच्या ओळी वाचताना मला तो सगळ्या राजांत जवळचा वाटतो. मुलीला, एन्निगाल्दी-नन्नाला, त्याने उरची पुजारीण केलं आणि तिच्यासाठी गिपारू पुन्हा बांधला. फार दिवस बंद पडलेली रीत त्याने पुन्हा सुरू केली. पण इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये इराणचा कुरुश बाबिलोनमध्ये शिरला आणि त्यानंतर उरचे दिवस भरत आले. युफ्रेटिसने पात्र बदललं, पाणी दूर गेलं, आणि ज्या चंद्राची होडी नदीतून जात होती त्याच्या घराभोवती वाळू साचली.

बाबिलोनच्या एतेमेनान्कीचं तर काहीच उरलं नाही. ९१ मीटर लांबी-रुंदीचा पाया असलेला तो मनोरा सिकंदराने पुन्हा बांधायचं ठरवलं, त्यासाठी ढिगारा उपसायला लावला आणि इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये तो तिथेच वारला. उपसा झाला, बांधकाम झालं नाही. पुढे आसपासच्या गावांनी पायातल्या पक्क्या विटाही खणून नेल्या. आज तिथे पाणी साचलेला चौकोनी खड्डा आहे आणि कडेने बोरू उगवलेला. बगदादच्या पश्चिमेला अकर कुफचा झिगुरात, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या कुरिगाल्झू राजाचा, उलट्या नशिबाचा. त्याचं पक्कं कवच गेलं आणि आतला कच्चा गाभा वाकडातिकडा उभा राहिला. उघड्या पडलेल्या त्या अंगावर विटांच्या काही थरांआड अंथरलेल्या बोरूच्या चटया आणि वेणीसारखे वळलेले बोरूचे जाड दोर दिसतात, माती धरून ठेवायला घातलेले. सुमारे चौतीस शतकांत तो बोरू पुरता कुजला नाही.

या प्रदेशात मराठी माणसं मोठ्या संख्येने गेली, पण यातलं काही पाहायला नव्हे. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी सैन्याची पूना डिव्हिजन फावच्या किनाऱ्यावर उतरली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. १९१६ च्या एप्रिलात कुतच्या वेढ्यात उपासमारीने ती डिव्हिजन शरण गेली आणि कितीतरी शिपाई कैदेतून परतले नाहीत. १९१८ च्या ऑक्टोबरात ११४ वी मराठा पलटण शरकातला लढली, तेव्हा जवळच अश्शूर या प्राचीन राजधानीचे अवशेष आणि तिथला झिगुरात उभा होता. सातारा-रत्नागिरीच्या त्या पोरांनी तो मातीचा ढीग पाहून काय म्हटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे. ही शिकलेली माणसं नव्हती, पण मातीच्या भिंतीत वाढलेली होती.

वुलींचं उत्खनन १९२२ ते १९३४ चाललं. त्यानंतर १९८० च्या दशकात इराक सरकारने पहिल्या टप्प्याचं कवच आणि जिने नव्या विटांनी बांधून काढले. आज फोटोत दिसणारी ती सरळ, स्वच्छ धार बरीचशी त्या कामाची आहे. पुरातत्त्वाच्या काटेकोर नियमांना हे मान्य होत नाही, जुनं आणि नवं यांची सरमिसळ झाली अशी तक्रार केली जाते. तक्रार समजते, तरी माझं मन त्या दुरुस्तीच्या बाजूने आहे. झिगुरात अस्पर्श ठेवायची वस्तू कधीच नव्हती. उर-नम्मूपासून नबोनिदसपर्यंत ज्याने ज्याने तिला हात लावला त्याने नवी वीट लावली. १९९१ च्या युद्धात शेजारच्या हवाई तळामुळे तिच्या अंगावर गोळ्यांची भोकं पडली, ती मात्र कुठल्याच परंपरेत बसत नाहीत. २०१६ मध्ये उर, उरुक आणि एरिडू या तिन्ही जागा दक्षिण इराकच्या पाणथळींसोबत जागतिक वारशाच्या यादीत आल्या, २०२१ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस उरच्या मैदानावर येऊन वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांसोबत प्रार्थनेला बसले. तरीही झिगुरातला खरा धोका आहे तो लोणा लागण्याचा. जमिनीतलं खारं पाणी विटेत चढतं, सुकतं, मीठ पृष्ठभागावर फुलतं आणि विटेचे पोपडे सुटतात. पाणथळी आटत आहेत, वाळू पुढे सरकते आहे, जमिनीत क्षार वाढत आहेत.

म्हणजे पुढची दुरुस्ती लवकरच करावी लागणार. ती इराकचे गवंडी आणि इराकचे अभ्यासक करतील, करत आहेत. टेलरने काढलेले नबोनिदसचे दंडगोल ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ते परत जातील असं मला वाटत नाही. पण मातीच्या दंडगोलाची हुबेहूब प्रत करणं काही अवघड नाही. तिला तेल लावावं आणि वरच्या टप्प्याच्या चारही कोपऱ्यांत ती पुन्हा ठेवावी. शेजारी या वेळच्या दुरुस्तीचा लेख असावा: कोणत्या साली काय पडलं होतं, कोणी किती विटा लावल्या. राजाचं नाव घालायची गरज नाही, विटा पाडणाऱ्यांची नावं घालावीत.